लेथच्या ड्राइव्हमधला पंखा घरघरू लागला आहे: तेल द्यावे, तसाच नवा बसवावा, की शांत पंखा निवडावा?

प्रश्न : बीडकाम

नमस्कार. माझ्याकडे मध्यम आकाराची एक जुनी लेथ आहे. तिची मूळ मोटर काढून मी २.२ किलोवॅटची तीन फेजची मोटर बसवली आणि ती २३० व्होल्टच्या सिंगल फेज पुरवठ्यावर चालणाऱ्या व्हीएफडीला (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हला) जोडली. व्हीएफडी, दोन कॉन्टॅक्टर (विजेने चालणारे मोठे खटके), एक लहान ट्रान्सफॉर्मर आणि २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय असे सगळे सामान पत्र्याच्या एका बंद पॅनेलमध्ये आहे. पॅनेलच्या दारावर, खालच्या बाजूला, बाहेरची हवा आत ओढणारा १२० मिलिमीटरचा एसी पंखा आहे, तर व्हीएफडीच्या डोक्यावर, हीटसिंकमधली (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पत्र्यांमधली) गरम हवा वर फेकणारा ६० मिलिमीटरचा छोटा डीसी पंखा आहे.

काही महिन्यांपूर्वी सकाळी पॅनेल चालू केले की दोन-तीन मिनिटे खरखर ऐकू येई आणि मग ती आपोआप विरून जाई, म्हणून मी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. आता मात्र तो आवाज दिवसभर टिकतो. मोटर थांबलेली असली तरी घरघर चालूच राहते आणि तिच्या जोडीला एक बारीक शीळही ऐकू येते. मापे घेताना किंवा कोणाशी बोलताना तो आवाज डोक्यात भिनतो, आणि त्याहून जास्त काळजी ही वाटते की हा पंखा एखाद्या दिवशी काम चालू असतानाच बंद पडेल.

काल पुरवठा बंद करून दार उघडले. छोट्या पंख्याच्या पात्यांवर तेल, चिंध्यांचे तंतू आणि बीडाची काळी पूड यांचा नमद्यासारखा थर बसलेला दिसला. तीन पात्यांवर तो जाड होता, बाकीच्यांवर पातळ. लेबलवरची अक्षरे बरीचशी पुसली आहेत, तरी २४ व्होल्ट डीसी आणि ०.१५ अँपिअर एवढे वाचता येते. पंख्याला लाल, काळी आणि पिवळी अशा तीन तारा आहेत.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या पंख्यात तेलाचा थेंब सोडून काम भागेल का? बदलायचाच असेल, तर संगणकासाठी मिळणारा १२ व्होल्टचा शांत पंखा रेझिस्टर लावून बसवता येईल का? आणि लहानसहान कामे करताना पंखा बंद ठेवला तर चालेल का?

उत्तर : जुना फिटर

आपण वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे पुष्कळसे निदान त्यातूनच होते. तरीही काहीही खोलण्याआधी आवाज कोणाचा आहे याची खात्री करून घ्यावी, कारण पॅनेलमध्ये आवाज करणारे घटक अनेक असतात आणि बंद पेटीत सगळे आवाज एकमेकांत मिसळतात. कॉन्टॅक्टरच्या लोखंडी पृष्ठभागांमध्ये धूळ अडकली, तर तो वीजपुरवठ्याच्या दुप्पट वारंवारितेने, म्हणजे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १०० हर्ट्झने, जाड गुणगुण करतो, आणि कॉन्टॅक्टर सुटताक्षणी ती गुणगुण चिरल्यासारखी थांबते. व्हीएफडीच्या स्विचिंगमुळे मोटरमधून येणारी शीळ फक्त मोटर चालू असतानाच असते आणि कॅरिअर फ्रिक्वेन्सी (म्हणजे त्या स्विचिंगची वारंवारिता) बदलली की तिचा सूर बदलतो. पंख्याचा आवाज मात्र पुरवठा बंद केल्यावर एकदम थांबत नाही. पाती मंदावत जातात तसतसा तो खाली उतरत जातो आणि शेवटी दोन-चार खडखडी होऊन विझतो. मोटर थांबली तरी आपली घरघर चालू राहते, म्हणून ती पंख्याचीच असावी असा माझा तर्क आहे. प्रश्न उरतो तो दोनपैकी कोणत्या पंख्याची, एवढाच. पॅनेल बाहेरून बंद ठेवून जाड कागदाची सुरळी कानाला लावावी आणि तिचे दुसरे टोक आधी दाराच्या जाळीपाशी, मग वरच्या झडपांपाशी धरावे. फरक चटकन कळतो. चालू पॅनेलमध्ये पेचकसाची मूठ कानाला लावून ऐकण्याची सवय पुष्कळांना असते. इथे ती जिवावर बेतू शकते.

आता सुरक्षिततेबद्दल. आपण पुरवठा बंद करून दार उघडले हे योग्यच केले, पण व्हीएफडीच्या बाबतीत तेवढे पुरत नाही. २३० व्होल्ट एसीचे आत डीसी होते तेव्हा कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि मुख्य खटका पाडल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ, बहुधा पाच ते दहा मिनिटे, पूर्ण थांबावे. त्यानंतरही दिवा विझला म्हणून निर्धास्त न होता धन व ऋण बसच्या (हे साठलेले डीसी वाहणाऱ्या मुख्य पट्ट्यांच्या) टर्मिनलवर मल्टिमीटर डीसीवर लावून व्होल्टेज शून्याच्या जवळ आल्याचे स्वतः पाहावे, आणि मगच बोट आत घालावे.

त्यानंतर पंखा बोटाने सावकाश फिरवून पाहावा. पात्यांचा मधला गोल भाग दोन बोटांत धरून बाजूला हलवला असता ठक्‌ठक्‌ अशी ढिलाई जाणवली, तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती तेल मुरलेली नळी) झिजले आहे. फिरवताना बारीक वाळू दळल्यासारखे वाटले, तर बॉल बेअरिंग गेले आहे. सुरुवातीला होणारी आणि तापल्यावर विरणारी आपली खरखर मला बुशकडे बोट दाखवताना दिसते. बुशच्या छिद्रांत मुरलेले तेल आटत आले की थंड अवस्थेत शाफ्ट कोरडा घासतो, आणि ऊब आल्यावर उरलेसुरले तेल पातळ होऊन पृष्ठभागावर येते. ते उरलेसुरलेही संपले, म्हणजे आवाज दिवसभर टिकतो.

एक छोटी गोष्ट सुटू नये. तीन पात्यांवर जाड थर आहे म्हणजे पंख्याचा तोल गेला आहे. केवळ तेवढ्यानेही घरघर होते, आणि असा पंखा दीर्घकाळ चालला की त्या थरथरीनेच बेअरिंग झिजते. म्हणून आधी पाती मऊ ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने स्वच्छ करावीत आणि मग आवाज पुन्हा ऐकावा.

उत्तर : पॅनेलजोडणी

तेलाबद्दल माझा अनुभव सांगतो, कारण मी हा उपाय बऱ्याच वेळा केला आहे. पंख्याच्या मागचे लेबल कडेपासून अलगद सोलावे, खाली रबराची गोल टोपी असल्यास ती काढावी, म्हणजे शाफ्टचे टोक आणि त्याच्या खोबणीत बसलेली प्लॅस्टिकची चिरलेली चकती दिसते. तिथे हलक्या मशीन तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत, पाती बोटाने वीस-पंचवीस वेळा फिरवावीत, पंखा काही वेळ तसाच आडवा ठेवावा, वर आलेले जास्तीचे तेल टिपून घ्यावे आणि लेबल पुन्हा घट्ट चिकटवावे. लेबलची जागा तेलकट राहिली तर ते पुन्हा चिकटत नाही, आणि त्या बाजूने तेल बाहेर फेकले जाऊन पूड आत येते. गंज सोडवणारा फवारा मात्र मुळीच वापरू नये. त्याने आवाज दोन दिवस जादू झाल्यासारखा थांबतो, पण तो फवारा मुख्यतः पातळ विद्रावकाचा बनलेला असल्याने बुशमधले उरलेले तेलही धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो. पुढची घरघर पहिल्यापेक्षा मोठी असते.

असा तेल दिलेला पंखा माझ्याकडे कधी काही आठवडे, कधी काही महिने चालला आहे. नवा पंखा हाती येईपर्यंत काम अडू नये यासाठी हा उपाय चांगला आहे. त्यावर कायमचे विसंबून राहावे असे मात्र मी म्हणणार नाही. शाफ्टने बुश एकदा अंडाकृती झिजवले, की तेलाने पोकळी भरते, गोलाई परत येत नाही. बॉल बेअरिंगच्या पंख्यात तर वरून सोडलेले तेल झाकणातून आत पोहोचेलच असे नाही, आणि पोहोचले तर तिथले ग्रीस पातळ करते.

उत्तर : ड्राइव्ह दुरुस्ती

मी रोज ड्राइव्ह उघडणारा माणूस आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझ्या टेबलावर जळून आलेल्या ड्राइव्हपैकी पुष्कळांची सुरुवात एका थांबलेल्या पंख्यापासून झालेली असते. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. पंखा मंदावला म्हणून ड्राइव्ह त्याच दिवशी बंद पडत नाही, पण आतला प्रत्येक तास दोन-तीन तासांची झीज करत राहतो. म्हणून आपली घरघर ही त्रासदायक असली तरी उपयोगी सूचना आहे. पंखा मुकाट्याने थांबला असता तर आपल्याला काहीच कळले नसते.

१२ व्होल्टचा पंखा रेझिस्टर लावून बसवण्याचा विचार सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. ०.१ अँपिअर घेणाऱ्या पंख्यासाठी १२ व्होल्ट उतरवायचे तर १२० ओहमचा रेझिस्टर लागेल आणि तो सतत १.२ वॅट उष्णता त्याच पेटीत सोडत राहील, जिथून आपण उष्णता काढू पाहत आहोत. शिवाय ब्रश नसलेल्या पंख्याचा प्रवाह एकसारखा नसून ठोक्याठोक्याने येतो आणि सुरू होताना तो जास्त लागतो. रेझिस्टरमागे बसलेला पंखा थंडीच्या सकाळी नुसता थरथरून जागीच राहिल्याचे मी पाहिले आहे. चोवीसच्या जागी चोवीसच बसवावा. त्याचा प्रवाह मूळ पंख्याच्या ०.१५ अँपिअरपेक्षा जास्त नसावा, कारण ड्राइव्हच्या आतला छोटा पुरवठा तेवढ्याच हिशोबाने बनवलेला असतो.

शांत पंख्याबद्दल याहून खोलात जायला हवे. पंख्याच्या माहितीपत्रकात हवेचा जो आकडा छापलेला असतो, तो समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. हीटसिंकच्या दाट पत्र्यांमधून हवा ढकलायची तर लागतो तो दाब, आणि हवेचा आकडा मोठा दिसला म्हणून दाबही भरपूर असेल असे नसते. संगणकाचे शांत पंखे शांत असतात ते मुख्यतः कमी वेगामुळे. वेग घटला की हवा त्याच प्रमाणात घटते, पण दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. वेग निम्मा केला, तर हवा निम्मी आणि दाब चौथा हिस्सा उरतो. म्हणजे दोन पंखे समोर धरून पाहिले तर दोघांचाही वारा हाताला बरा लागतो, पण हीटसिंकवर बसवल्यावर त्यातल्या एकाची हवा पत्र्यांत शिरतच नाही, बाजूने फिरून परत येते. जाडीकडेही म्हणूनच लक्ष द्यावे. मूळ पंखा २५ मिलिमीटर जाड असेल आणि आपण १५ मिलिमीटरचा बसवला, तर स्क्रू जुळतील, पण काम जुळणार नाही.

किती हवा लागते याचा अंदाज घरच्या घरी काढता येतो. व्हीएफडीमध्ये मोटरच्या शक्तीच्या साधारण तीन ते पाच टक्के उष्णता होते. २.२ किलोवॅटला चार टक्के धरले तर ती सुमारे ९० वॅट होते. या वॅटना ३.१ ने गुणून, हवा किती अंशांनी तापलेली चालेल त्या आकड्याने भागले, की ताशी किती घनमीटर हवा हवी ते मिळते. १० अंश धरले तर उत्तर २८ येते. ही हवा पत्र्यांमधून प्रत्यक्ष वाहिलेली असायला हवी, म्हणून मोकळ्या हवेतला आकडा याच्या दीडपट-दुप्पट असलेला पंखा घ्यावा. सुरक्षित मार्ग अर्थातच मूळ पंख्याच्या हवेच्या आणि दाबाच्या आकड्यांना धरून राहण्याचा आहे.

आता पिवळी तार. बहुतेक चुका इथेच होतात. तिसरी तार दोन प्रकारची असते आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पहिल्या प्रकारात ती पंख्याच्या प्रत्येक फेऱ्याला, बहुधा दोन, ठोके देते आणि कंट्रोल त्यावरून वेग मोजतो. दुसऱ्या प्रकारात ती फक्त पंखा फिरतो आहे की अडकला आहे एवढेच सांगते, म्हणजे फिरताना एका पातळीवर स्थिर राहते आणि अडकल्यावर दुसऱ्या पातळीवर जाते. ड्राइव्हला स्थिर इशारा हवा असताना ठोके देणारा पंखा बसवला, तर पंखा उत्तम फिरत असूनही ड्राइव्ह पंख्याचा दोष दाखवून थांबतो, आणि माणूस पंखाच खराब आला असे समजतो. तिसऱ्या तारेच्या जागी तारेचा तुकडा ऋण बाजूला जोडून ड्राइव्हला फसवण्याची युक्ती कोणी सुचवील. ती करू नये. ज्या दिवशी पंखा खरोखर थांबेल, त्या दिवशी सांगणारे कोणी उरणार नाही.

तार कोणत्या प्रकारची आहे हे पंखा बाहेर काढून टेबलावर पाहावे. पंख्याला वेगळ्या पुरवठ्यावरून २४ व्होल्ट द्यावेत, पिवळी तार १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ५ व्होल्टला बांधावी, दोन्ही पुरवठ्यांची ऋण बाजू एकत्र करावी, आणि पिवळी व काळी यांच्यामध्ये मल्टिमीटर डीसीवर लावावा. ठोके येत असतील तर मीटर मधलेच काहीतरी, अडीच व्होल्टच्या आसपास, दाखवील. त्यात वारंवारिता मोजण्याची सोय असेल तर आणखी बरे, कारण मिनिटाला ४००० फेऱ्यांचा पंखा सुमारे १३३ हर्ट्झ दाखवतो. अडकल्याचा इशारा देणारी तार असेल, तर बहुतेक पंख्यांत फिरताना मीटर शून्याजवळ राहील, आणि मधल्या गोलावर खोडरबर टेकवून पंखा थांबवला की क्षणभराने ५ व्होल्टवर चढेल. काही पंख्यांत हे उलटेही असते, म्हणून जे दिसेल ते लिहून ठेवावे.

बेअरिंगची निवड करताना बॉल बेअरिंगच घ्यावे. आपला पंखा ड्राइव्हच्या डोक्यावर आहे, म्हणजे त्याचा शाफ्ट उभा आहे आणि तो हीटसिंकवरून आलेल्या गरम हवेतच दिवसभर बसलेला असतो. साध्या बुशला या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत. नव्या स्थितीत बॉल बेअरिंगचा पंखा बुशच्या पंख्यापेक्षा किंचित जास्त आवाज करतो, हे मान्य करून घ्यावे. चांगल्या बॉल बेअरिंगच्या पंख्यांसाठी ४० अंशांना ६० ते ७० हजार तास असे आयुष्य छापलेले आढळते. त्याचा अर्थ तोवर दहा टक्के पंखे गेलेले असतील असा असतो, प्रत्येक पंखा तेवढा चालेल असा नव्हे.

पंखा बंद ठेवण्याविषयी : आपण स्वतः खटका लावू नये. अनेक ड्राइव्हमध्ये पंखा सतत चालावा, फक्त मोटर चालू असताना चालावा, की तापमान पाहून चालावा, हे ठरवणारा पॅरामीटर असतो. पुस्तिकेत तो शोधावा. मोटर थांबल्यावरही हीटसिंक थंड होईपर्यंत पंखा थोडा वेळ चालवण्याची काळजी अशा ड्राइव्हमध्ये आतच घेतलेली असते.

बीडकाम :

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल सुटीच्या दिवशी सगळे सावकाश केले, ते सांगतो.

कागदाच्या सुरळीने आवाज ऐकला तेव्हा घरघर वरच्या छोट्या पंख्याची आणि शीळ दाराच्या मोठ्या पंख्याची निघाली. म्हणजे मी एकाच दोषाची दोन रूपे समजत होतो, ते प्रत्यक्षात दोन वेगळे आवाज होते. पुरवठा बंद करून दहा मिनिटांनी बस मोजली तर ९ व्होल्ट शिल्लक होते. आणखी पाच मिनिटे थांबलो. दिवा मात्र त्याच्या कितीतरी आधी विझला होता.

छोटा पंखा काढून मधला गोल हलवला तर तो स्पष्ट डुगडुगला. लेबल सोलल्यावर आत तेलाऐवजी तपकिरी, चिकट, वाळत आलेल्या डिंकासारखा पदार्थ होता आणि शाफ्टभोवती बारीक चकाकणारी पूड होती. ते पाहिल्यावर तेल देण्याचा विचार मीच सोडला. टेबलावर चाचणी केली. पिवळी तार फिरताना ०.१ व्होल्टवर स्थिर राहिली, आणि खोडरबर टेकवल्यावर थोड्या वेळाने मीटर ५ व्होल्टवर गेला. म्हणजे ती अडकल्याचा इशारा देणारी तार आहे. मी संगणकाचा पंखा बसवला असता तर काय झाले असते, ते आता कळते.

पण खरी गोष्ट पंखा काढल्यानंतर दिसली. त्याच्याखालच्या हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये, खालच्या बाजूने, तोच काळा नमदा इतका घट्ट बसला होता की विजेरी वरून धरली तर खाली उजेड पोहोचत नव्हता. दाराच्या पंख्यावरची गाळणी तेलाने चिंब झाली आहे. हे सगळे दाबाच्या हवेने झटकून टाकावे का? आणि पंखा तोच मिळाला, पण प्लग वेगळा आला, तर काय करावे?

उत्तर : जुना फिटर

दाबाची हवा आपल्या पॅनेलमध्ये सोडू नका. बीडाची पूड विजेला वाट देते. हवेच्या झोताने ती बाहेर जाते त्याहून जास्त सर्किट कार्डांच्या पायांखाली, कॉन्टॅक्टरमध्ये आणि टर्मिनलच्या फटींत जाऊन बसते. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेलही असते. मऊ ब्रशने सोडवत सोडवत शेजारी व्हॅक्यूमची नळी धरून ओढून घ्यावे. हीटसिंकचे पत्रे पॅनेलबाहेर काढता येत असतील तरच, बाहेर नेऊन, हवेने साफ करावेत. दुसरी गोष्ट पंख्याची. हवेच्या झोताने पाती भिरभिरू देऊ नयेत. ती नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पलीकडे जातात, बेअरिंगला इजा होते, आणि जोडलेला पंखा उलट वीज निर्माण करून कार्डाला त्रास देऊ शकतो. पाती बोटाने धरून ठेवावीत.

गाळणी चिंब होण्याचे मूळ शोधावे. पॅनेल लेथच्या चकच्या (काम पकडून फिरवणाऱ्या जबड्याच्या) रेषेत आहे का? कूलंटचा तुषार जिकडे उडतो त्या बाजूला हवा घेणारे तोंड असेल, तर नवा पंखाही त्याच वाटेने जाईल. दारावरचा पंखा गाळलेली हवा आत ढकलत असेल, तर पॅनेलमध्ये किंचित जास्त दाब राहतो आणि फटींतून हवा बाहेर जाते. हाच पंखा उलटा, बाहेर फेकणारा, लावला तर प्रत्येक फटीतून न गाळलेली पूड आत ओढली जाते. आपली मांडणी योग्य आहे, बहुधा फक्त जागा चुकली आहे.

उत्तर : ड्राइव्ह दुरुस्ती

प्लग वेगळा असेल तर जुन्या पंख्याच्या तारा प्लगपासून बोटभर अंतरावर कापाव्यात आणि नव्या पंख्याच्या तारांना सोल्डरने जोडाव्यात. प्रत्येक जोडावर श्रिंक नळी (तापवल्यावर आवळणारी) चढवावी, आणि तिन्ही जोड एकाच ठिकाणी न आणता थोडे मागे-पुढे ठेवावेत. रंगांवर विश्वास ठेवू नये. कापण्याआधी प्लगमधल्या जागांचा फोटो घ्यावा आणि नव्या पंख्याचे माहितीपत्रक पाहावे. उलटी जोडणी केली तर असा पंखा उलटा फिरत नाही, तो फिरतच नाही, आणि आत संरक्षण नसेल तर जळतो. बसवताना चौकटीवरचे बाण पाहावेत. एक बाण पाती कुठे फिरतात ते सांगतो, दुसरा हवा कुठे जाते ते. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत, कारण एक कोपरा जास्त आवळला की प्लॅस्टिकची चौकट पिळली जाते आणि नवा कोरा पंखाही पहिल्या दिवसापासून खरखरतो. पंख्याच्या तासांची नोंद ठेवणारा पॅरामीटर ड्राइव्हमध्ये असेल तर तो शून्यावर आणावा.

बीडकाम :

पंखा आला, बसवला. २४ व्होल्ट, बॉल बेअरिंग, जाडी २५ मिलिमीटर, तिसरी तार अडकल्याचा इशारा देणारी. बसवण्याआधी तो टेबलावर तपासला, आणि पॅनेलमध्ये मोटर न जोडता एकदा खोडरबराऐवजी प्लॅस्टिकच्या पट्टीने अडवूनही पाहिला. ड्राइव्हने दोष दाखवला, म्हणजे इशारा पोहोचतो आहे.

साफसफाईआधी त्याच कामाला, त्याच फेऱ्यांवर, अर्ध्या तासाने ड्राइव्ह हीटसिंकचे तापमान ७१ अंश दाखवत असे. आता ते ५३ वर स्थिर राहते. यात नव्या पंख्याचा वाटा किती आणि मोकळ्या झालेल्या पत्र्यांचा किती, ते मला वेगळे करता येत नाही. पॅनेल मी चकच्या रेषेतून काढून लेथच्या शेपटाकडच्या टोकाला, भिंतीच्या बाजूला सरकवले आहे.

राहिली शीळ. दाराच्या पंख्याची बेअरिंग बोटाला गुळगुळीत लागली, म्हणून मी तो बदलला नाही. मग लक्षात आले की दाराच्या पत्र्यातच पट्ट्या कापून जाळी केलेली आहे आणि पंख्याची पाती त्या पट्ट्यांच्या अगदी जवळून, जेमतेम चार-पाच मिलिमीटरवरून, फिरतात. चार लांब स्क्रू आणि १५ मिलिमीटरचे ठोकळे घालून पंखा मागे सरकवला, आणि मधल्या फटीतून हवा बाजूला जाऊ नये म्हणून भोवती रबराची पट्टी लावली. शीळ गेली. आता उरला आहे तो नुसता वाहत्या हवेचा आवाज, आणि लेथ सुरू केली की तोही ऐकू येत नाही.